एक नंबरची जर्सी

रविवार, संध्याकाळ

...गोठा झाडून झाला की मी यांची जर्सी धुवायचे. दोरीवर वारा शिरला की बाह्या पसरायच्या, जणू बॉल अडवायला उभी. हे गेले, तेव्हापासून गावच्या फुटबॉल टीमने गोलकीपरचा एक नंबर कुणालाच दिला नाही. शेवटच्या मॅचची जर्सी न धुताच पेटीत ठेवली आहे.

आज कॅप्टन आला. "वहिनी, सेमीफायनल हाय, अन् गोलकीपर ऊसतोडीला गेला. बदलीवाला बॉलला भितो. दादांची जर्सी द्या."

"जर्सी बॉल अडवती व्हय?"

"दादांची अडवायची!"

हसू आलं. पण अंगात घालायला द्यायची तर धुवावी लागेल, यांचा वास जाईल. डोळे मिटले की त्या पसरलेल्या बाह्याच दिसतात. फायनल गाठू का हो आपण?

सोमवार

जर्सी धुतली. वाळल्यावर बदलीवाल्याला नेऊन दिली.