नम्र फुल बॅक, जर्सी नंबर पाच

१ ऑगस्ट १९७१, रविवार. सकाळी.
मागच्या रविवारी चर्चमध्ये माझं दृढीकरण झालं. आता मी मंडळीचा पूर्ण सभासद. माझ्या पापांना यापुढे आईबाबा जबाबदार नाहीत, मी स्वतः. म्हणून ही डायरी. कोणी वाचायची नाही.
ठरवलं ते असं. रोज पाचला उठून प्रार्थना (आज साडेसहा झाले, गजराचा दोष). शिवी बंद. मैदानावर कोणी लाथ मारली तर जागच्या जागी क्षमा. फुटबॉल सोडायचा नाही, कारण तो मी प्रभूसाठी खेळतो. फक्त रविवारी मॅच खेळायची नाही, काही झालं तरी. अकरावीचं वर्ष आहे, अभ्यास दिवाळीनंतर.

तोच दिवस, संध्याकाळी.
मनोहरराव सर रस्त्यात भेटले. आमचे ड्रिल मास्तर, कोचही तेच. आंतरशालेय शिल्डच्या टीममध्ये माझं नाव नक्की. म्हणाले, नहेम्या, तू मागे उभा असला की कोणी पुढे येतच नाही गा. स्वभावातल्या शांतीचा माणसांवर असा परिणाम होतो.

३ ऑगस्ट, मंगळवार.
प्रॅक्टिस. आमचा गोलकीपर नत्थू, माझ्याच वर्गातला, त्याचा बूट माझ्या घोट्यावर पडला. लगेच क्षमा केली. तो न ऐकता निघाला. कॉलर धरून थांबवला आणि पूर्ण ऐकवली. त्याची दोन बटणं गेली आणि ओठ गोलपोस्टला लागला. नत्थू म्हणाला, बापा, त्यापेक्षा एक लाथ मारली असती तर परवडलं असतं.
त्याच्या घरी बुद्धवंदना असते, तिथेही क्षमा शिकवतात असं तो म्हणतो. मग इतका घाबरतो काहून?

७ ऑगस्ट, शनिवार.
पहिली मॅच. सुरू होण्याआधी मैदानात गुडघे टेकून प्रार्थना केली. समोरच्या टीमने पाहिली, हे बरंच झालं.
पंधराव्या मिनिटाला त्यांचा लेफ्ट आउट आणि मी एकदम उडालो. त्याचं तोंड माझ्या कपाळावर आदळलं. कपाळावर दाताच्या दोन खुणा आहेत, त्याबद्दल कोणी विचारत नाही. त्याचे दोन दात पडले. एक मी स्वतः चिखलातून शोधून त्याच्या हातात दिला. सेवा ही अशीच करायची असते, गाजावाजा न करता. रेफरीने वॉर्निंग दिली. आम्ही दोन गोलांनी जिंकलो.
बाबा धंतोलीत एका डॉक्टरकडे कंपाउंडर आहेत. जेवताना त्यांनी विचारलं, तुझ्या जर्सीचा नंबर कोणता? पाच म्हटलं. बाबा भात कालवत राहिले. मग म्हणाले, आज एक पोरगा आणला होता. तोंडात कापूस होता म्हणून बोलता येत नव्हतं त्याले. कोणी मारलं विचारलं तर नुसता पंजा दाखवून राहिला होता. मले वाटलं, पाच जणांनी मारलं.
मी म्हणालो, खेळात होतं. आईने भाजी वाढली नाही.

८ ऑगस्ट, रविवार.
उपासनेत त्या मुलाच्या दातांसाठी प्रार्थना केली. वामनराव पाळक साहेबांचं प्रवचन नम्रतेवर होतं. मधेच माझ्याकडे पाहिलं. उदाहरण म्हणून पाहिलं असावं.

१४ ऑगस्ट, शनिवार.
दुसरी मॅच. आज मी कोणालाही हात लावायचा नाही असं ठरवलं होतं आणि हाफ टाइमपर्यंत लावला नाही. गुडघा लावला, एकदा.
त्यावरून त्यांचा सेंटर हाफ माझ्या अंगावर धावून आला. मग त्यांच्या बाजूची पब्लिक मैदानात घुसली. दगड, सायकलची चेन, एकाच्या हातात तर हॉकी स्टिक. फुटबॉलच्या मॅचला हॉकी स्टिक घेऊन येतात म्हणजे आधीपासून तयारी होती. मी शांतता करायला मधे पडलो. रिकाम्या हाताने शांतता होत नाही, म्हणून कॉर्नरच्या झेंड्याची काठी उपटली. झेंडा पांढरा होता, लोकांनी तो बघायला हवा होता. दोघांची डोकी फुटली. एकाची बोटं काठीखाली आली, ती त्याने मधे घालायलाच नको होती. माझ्या पाठीत चेन बसली, शर्ट आणि कातडी दोन्ही फाटली. ती टीम मैदान सोडून गेली. आम्ही जिंकलो.
नत्थू परत येताना म्हणाला, तू गुडघे टेकतो ना, तेव्हा मले भेव वाटते. प्रार्थना झाली की कोणीतरी दवाखान्यात जाते. मी म्हणालो, श्रद्धेत सामर्थ्य असतं. तो सायकल दुसऱ्या गल्लीने घेऊन गेला.
बाबांनी पाठीला आयोडीन लावलं. जरा जास्तच जोरात चोळलं.

२२ ऑगस्ट, रविवार.
सेमीफायनल शनिवारी होती. मैदानात पाणी साचलं म्हणून आज सकाळी साडेनऊला ठेवली. मी सरांना स्पष्ट सांगितलं, रविवारी खेळणार नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. सर म्हणाले, बरं, धोंडबा खेळेल तुझ्या जागी. धोंडबा सहा महिन्यांपूर्वी हुतूतू खेळत होता. शाळेचं नुकसान करणं हेही पापच. मधला मार्ग काढला. पँटच्या आत स्टॉकिंग्ज आणि शिन गार्ड घालून उपासनेला गेलो. गुडघे टेकताना खटकन आवाज आला. पाळक साहेबांची आजाऱ्यांसाठीची लांब प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांचे डोळे मिटले, मी निघालो. दारातून "आमेन" म्हणालो, म्हणजे उपासना पूर्ण धरायला हरकत नाही.
मॅचमध्ये त्यांच्या फॉरवर्डने माझ्या कानाखाली मारली. आज परीक्षा आहे हे ओळखलं. दुसरा गाल पुढे केला. त्याने त्याच्यावरही मारली. त्यापुढे काय करायचं हे आम्हाला शिकवलेलं नाही. बरगडीखाली एक ठोसा दिला. तो वाकला, तेव्हा माझा गुडघा वर येत होता. नाकाचं रक्त माझ्या जर्सीवर आलं, आईला धुवायला लागेल.
एक शून्य. फायनल.

२६ ऑगस्ट, गुरुवार.
सायकलच्या दुकानात मधुसूदन भेटला. फायनलला समोर येणाऱ्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. काटकुळा, चष्मा लावतो, खेळताना काढून ठेवतो. त्याला वडील नाहीत, आई कुठल्याशा ऑफिसात क्लार्क आहे. सगळे म्हणतात बॉल त्याच्या पायाला चिकटतो. मला तरी तसं काही दिसलं नाही.
स्वतःहून बोलायला आला. म्हणाला, तुमचं हेडिंग चांगलं आहे. मग जरा थांबून म्हणाला, एक सांगायचं होतं. सप्टेंबरच्या अकराला माझी रेल्वेच्या टीमची ट्रायल आहे. लागलो तर नोकरी आहे. पायाचं तेवढं बघा.
मी म्हणालो, काळजी करू नकोस, तुझ्यासाठी प्रार्थना करीन. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, नको, प्रार्थना नको. बहुतेक गर्विष्ठ असावा.

२८ ऑगस्ट, शनिवार. रात्री आठ.
हरलो. एक शून्य.
गोल मधुसूदननेच केला. बॉल माझ्या दोन पायांमधून काढला आणि मी मागे वळेपर्यंत नत्थू जाळ्यातून बॉल काढत होता. अख्खी पब्लिक हसली. मनोहरराव सरही हसले, मी पाहिलं. मला राग आला नाही. मी नत्थूला म्हणालोसुद्धा, मला राग आला नाही.
शेवटची पाच मिनिटं होती. तो पुन्हा आला. मी टॅकल केलं. बॉल तिथे होता. म्हणजे जवळ होता. मी निघालो तेव्हा होता.
आवाज आला. ओला बांबू मोडतो तसा. तो पडला, पण ओरडला नाही. नडगी मधेच वाकडी झाली होती, जिथे सांधा नसतो तिथे. नत्थू गोल सोडून धावत आला, पाहिलं आणि बाजूला जाऊन ओकला. रेफरी दुसरीकडे बघत होता, त्याने शिट्टी वाजवली ती मॅच संपल्याची.
मैदान खराब आहे, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय.

२९ ऑगस्ट, रविवार.
ताप आल्यासारखं वाटलं, उपासनेला गेलो नाही. थर्मामीटरमध्ये दिसला नाही, पण आतून होता.
त्याला बाबांच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हाड बसवलं तेव्हा बाबांनी पाय धरला होता. आज आईला सांगत होते, ते स्वयंपाकघरातून ऐकू आलं. लेकरू माझा हात दाबून राहिलं होतं वं. विचारे, काका, दोन आठवड्यांत भरेल ना? मी काय सांगू त्याले?

३१ ऑगस्ट, मंगळवार.
शिल्ड कमिटीने चौकशी ठेवली आहे, गुरुवारी. पालकांसह हजर राहायचं. दोन वर्षांची बंदी येऊ शकते. सर म्हणाले, तू काही बोलू नको, फक्त मान खाली घाल.
मी मान खाली घालणार नाही. माझ्या श्रद्धेमुळे हे चाललं आहे, हे आता दिसायला लागलं. मैदानात सगळ्यांसमोर गुडघे टेकणारा मी एकटाच. छळ सोसायची तयारी आहे. भाषण लिहिलं, पावणेतीन पानं. आरशासमोर म्हणून पाहिलं. तिसऱ्या पानावर डोळ्यांत पाणी येतं.

२ सप्टेंबर, गुरुवार.
बाबांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली, इस्त्रीचा शर्ट घातला. कमिटीच्या टेबलासमोर हात जोडून उभे राहिले. मला ते आवडलं नाही. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.
मी भाषण खिशातून काढलं तेवढ्यात मधुसूदनची आई आली, यमुताई. पांढरी साडी, ऑफिसची पिशवी. तिने मुलाची चिठ्ठी दिली. अध्यक्षांनी मोठ्याने वाचली. माझा पाय खड्ड्यात गेला आणि मोडला, कोणाचा दोष नाही. खाली सही. अध्यक्ष म्हणाले, मग विषय संपला. चहा मागवला.
भाषण वाचायचं राहून गेलं. सुटलो याचा आनंद व्हायला हवा होता.
व्हरांड्यात यमुताईंनी मला थांबवलं. नहेम्या तूच का, विचारलं. हो म्हणालो. त्या म्हणाल्या, तू त्याच्यासाठी प्रार्थना करणार होतास, असं तो सांगत होता. केलीस का?
केली, म्हणालो. खरंच केली होती, शनिवारी, मैदानात, गुडघे टेकून.
बरं, म्हणाल्या, आणि ऑफिसला उशीर होतो म्हणून निघून गेल्या.

५ सप्टेंबर, रविवार.
मधुसूदनला क्षमा करायला गेलो. म्हणजे, माझ्याबद्दल मनात काही असेल तर ते सोडून द्यायची त्याला संधी द्यायला. खाटेवर होता, प्लास्टर मांडीपर्यंत, चष्मा लावून वाचत होता. मी म्हणालो, तू चिठ्ठी लिहिलीस, तुझं मन मोठं आहे, प्रभू तुला याचं फळ देईल.
तो म्हणाला, तुझ्यासाठी नाही लिहिली. प्लास्टर सुकेपर्यंत तुझे बाबा दवाखान्यात माझा पाय धरून बसले होते. पाच नंबर म्हणजे कोण, ते मी त्यांच्यासमोरच सांगितलं, ते तुझे बाबा हे मला माहीत नव्हतं. ते नुसते रडायला लागले, पण पाय सोडला नाही. त्या माणसाला कमिटीसमोर उभं करायचं नव्हतं मला.
मी म्हणालो, उभे राहिले ते.
तो म्हणाला, मग तू काय करत होतास?
घरी येताना सायकल कुठून कशी आणली ते आठवत नाही.

११ सप्टेंबर, शनिवार.
ट्रायल आज होती. घरात कोणाला माहीत नाही, मला माहीत आहे.
कबुली लिहिली. कमिटीला द्यायची आणि बंदी मागून घ्यायची. चार पानं झाली. बालपण, दृढीकरण, तरुण माणसाला येणारे मोह, मैदानाची अवस्था, आणि माझ्यात झालेला बदल. बदलाला सव्वा पान लागलं. कमिटीच्या ऑफिसात गेलो तर कुलूप. शिपाई म्हणाला, कमिटी बरखास्त झाली, सीझन संपला ना गा. पुढच्या जुलैमध्ये ये. मी म्हणालो, तातडीचं आहे, बंदीचा अर्ज आहे. तो म्हणाला, बंदी कोणावर? माझ्यावर, म्हणालो. त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बिडी पेटवली.

तोच दिवस, संध्याकाळी साडेसहा.
बाबांना पानं वाचायला दिली. कौतुक होईल असं वाटलं होतं, लिहून ठेवतो. बाबांनी शर्टच्या खिशातली पेन्सिल काढली, पुड्यांवर औषधाचं नाव लिहायची. बालपणावर काट मारली. मोहांवर मारली. मैदानावर मारली. बदलावर दोनदा मारली. चौथ्या पानाच्या शेवटी थांबले. एकच ओळ उरली होती.
बॉल निघून गेला होता, त्यानंतर मी त्याच्या पायावर लाथ मारली.
बाबा म्हणाले, हे नवीन कागदावर लिही अन् त्याच्या मायले नेऊन दे.
उद्या उपासनेनंतर जातो, म्हणालो. ते चपला घालून दारात उभे आहेत.