आबांना ग्लॅम्पिंगला नेण्याबाबत

१२ ऑक्टोबर, रविवार

ठरलं. आबांना ग्लॅम्पिंगला न्यायचं, घाटघरला. ग्लॅम्पिंग म्हणजे तंबूच, पण आत पलंग, जाड गादी आणि अटॅच्ड कमोड. काल आदेश दुकानात फ्लेक्स करायला आला होता. घाटघरचाच पोरगा, पुण्यातली नोकरी सोडून गावात टेंट टाकलेत. त्याचा फ्लेक्स डिझाइन करता करता मला सुचलं.

आबा म्हणजे माझे वडील. पाच महिने जरा गप्प आहेत. माझ्याशी तर एक शब्द नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर होतं असं. डोळ्यांवर ताण नको म्हणून बोलत नसावेत.

मेंढरं विकल्याचा याच्याशी संबंध नाही.

१४ ऑक्टोबर, सकाळी ६

मेंढरांचा विषय एकदाच लिहून संपवतो. बत्तीस होती. आबा ऑपरेशनला दवाखान्यात होते तेव्हा मी व्यापाऱ्याला दिली. आबांचं वय चौऱ्याहत्तर. बिबट्यानं गेल्या साली दोन कोकरं नेली. उद्या आबांनाच उचललं असतं तर? मी वडिलांचा जीव वाचवलाय. सरप्राइज द्यायचं म्हणून आधी सांगितलं नाही.

घरी आले ते सरळ मागे, मेंढरं कोंडायच्या वाडग्याकडे गेले. नव्या डोळ्यानं पहिलं काय बघायचं, तर मोकळं वाडगं! मी टीव्ही लावून ठेवला होता.

संकल्प : आजपासून रोज अर्धा तास आबांजवळ बसायचं.

१५ ऑक्टोबर

बसलो नाही. दिवाळीच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. वारूळवाडीपासून पारगावपर्यंतच्या सगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करून द्यायचेत.

२६ ऑक्टोबर

दिवाळी संपली. आज अकरा मिनिटं बसलो. सुरुवात म्हणून उत्तम. मी ग्लॅम्पिंगची सगळी माहिती दिली. आबा वाडग्याकडे बघत होते. नकार दिला नाही. होकारच धरतो.

२ नोव्हेंबर

आबांना मोबाइलवर टेंटचे फोटो दाखवले. बराच वेळ बघितले. मग पुष्पाला विचारलं (मी समोर असताना), "तंबूत पाय पुसून जायाचं का गं?" म्हणजे इंटरेस्ट आहे.

पुष्पाला सांगितलं, बघ, माझी बायको असून तुला माझी आयडिया पटत नव्हती. ती म्हणाली, "अहो, त्या माणसानं चाळीस वर्षं उघड्यावर काढली. त्याला कशाला तंबू? दोन मेंढ्या आणून द्या."

पुष्पाला व्हिजन नाही.

९ नोव्हेंबर

अर्धा तास बसण्याचा संकल्प तात्पुरता स्थगित. ट्रिपमध्ये सलग चोवीस तास मिळणारच आहेत. सगळं एकदम वसूल होईल.

ट्रिपचा कार्यक्रम तयार करून लॅमिनेट केला. वेलकम ड्रिंक, जंगलातून फेरफटका, सनसेट, बार्बेक्यू. सनसेटपुढे कंसात "बापलेकाच्या गप्पा" टाकलंय. फाँट चांगला आलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

आबा तयार!! आज स्वतःहून पुष्पाला म्हणाले, "कवा जायाचं?" लॅमिनेशनचा परिणाम.

पुष्पा म्हणते की तिनं त्यांना सहज सांगितलं, या दिवसांत मेंढरं घाटघरच्या बाजूनं कोकणात उतरतात. तेही एखाद वेळेस असेल. पण मुख्य कारण लॅमिनेशनच.

२१ नोव्हेंबर

बॅग भरली. टॉर्च, मच्छर अगरबत्ती, आबांसाठी नवा ट्रॅकसूट, स्पोर्ट्स शूज. आबांचं सामान : घोंगडी आणि काठी. ट्रॅकसूट मी त्यांच्या उशाशी ठेवला होता, तो सकाळी पुष्पाला कपाटात सापडला. घडी मोडलेली नाही. जपून वापरणारी पिढी.

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ३

घाटघर. पोचलो. जीवधन किल्ला समोर, मागे हिरड्याची झाडी, मध्ये पांढरे टेंट. फ्लेक्सवर होतं तसंच.

आबा टेंटच्या दारातून एकदा आत डोकावले आणि बाहेर गवतावर घोंगडी टाकून बसले. आदेशनं वेलकम ड्रिंक आणलं, आबांनी ते त्याच्या कुत्र्याला पाजलं. दोघं खूश दिसले.

बार्बेक्यूत मटण की पनीर, असं आदेशनं विचारलं. मी पटकन पनीर म्हणालो. का ते माहीत नाही.

रात्री ९

सनसेटला गडबड झाली. नीट लिहितो.

पाचच्या सुमाराला घुंगरांचा आवाज आला. मेंढरं. दोनेकशे असतील. दोन घोड्यांवर बिऱ्हाड, पुढे भिमाजी नावाचा माणूस, मागे त्याची बायको साळुबाई. कोकणात निघालेले, आज मुक्काम इथेच पठारावर.

आबा काठी न घेता उठले. मी "आबा, गप्पा," म्हणेपर्यंत कळपात शिरलेसुद्धा. एकेका मेंढीचं तोंड धरायचे, उजवा कान उलटा करून बघायचे, सोडायचे, पुढची धरायची. आमच्या मेंढरांच्या उजव्या कानाला चीर असायची, ती आमच्या घरची खूण. मी त्यांना सांगणार होतो की व्यापाऱ्याला दिलेली मेंढरं कोणाच्या कळपात जात नाहीत. पण म्हटलं, नवा डोळा वापरून बघतायत तर बघू दे.

भिमाजीनं विचारलं, "काय हुडकता, पावणं?"

आबा म्हणाले, "काय न्हाई. सवय."

पण थांबले नाहीत. अंधार पडेपर्यंत सगळी बघितली. शेवटच्या मेंढीचा कान हातातून सुटला तरी हात तसाच होता.

मग साळुबाईच्या चुलीशी बसले आणि बोलायला लागले. कुठल्या साली घाटात पाऊस लागला, कुठं लांडग्यानं गाठलं, आमची आई पाठीला पोर बांधून कशी चालायची. ते पोर म्हणजे मी. हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. आबा हसले पण. पुढचे दोन दात कधी पडले काय माहीत.

साळुबाईचं लक्ष माझ्याकडे गेलं. आबांना म्हणाली, "ह्ये कोण म्हणायचं?"

आबांनी बघितलं. नवा डोळा अगदी साफ आहे, डॉक्टर म्हणाले होते.

"तंबूवालं हायेत," म्हणाले.

"बसा की, तंबूवालं भाऊ," साळुबाई म्हणाली. चहा दिला. मी घेतला.

माझा अंदाज : मुलाचं दुकान आहे, गाडी आहे, हे कळलं तर गरीब माणसांना संकोच वाटेल म्हणून आबांनी तसं सांगितलं. मनाचा मोठेपणा.

आबा तिकडेच झोपणार. इथे दोन पलंग. पनीर खूप उरलंय.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ८

कळप हलला. आबा घाटाच्या तोंडापर्यंत गेले आणि मेंढरं दिसेनाशी झाल्यावरही उभे राहिले. मी जाऊन म्हणालो, "चला, ब्रेकफास्ट इन्क्लूडेड आहे." ते गाडीत जाऊन बसले.

ट्रिप यशस्वी झाली असं म्हणायला हरकत नाही. हवापालट झाला, चार माणसांत मिसळले. पुढच्या वर्षी

दुपारी ४, घरी

सकाळचं अर्धं वाक्य राहू दे तसंच.

जुन्नर ओलांडलं आणि आबा माझ्याशी बोलले. सहा महिन्यांनी. समोर बघत म्हणाले, "मच्छ्या, तांबडी चढली का वढली?"

तांबडी म्हणजे कळपाच्या पुढे चालायची ती. टेम्पोत आपणहून चढली की ओढावी लागली, असं विचारत होते. एवढंच हवं होतं त्यांना. मला वाटलं, आता नीट बोलायचं, सगळं सुरळीत होईल.

म्हणालो, "आपणहून चढली, आबा. काही त्रास झाला नाही."

आबा म्हणाले, "मेंढरू आपसूक चढत न्हाई गाडीत." आणि काच वर केली. आता वाडग्याच्या खांबाला टेकून बसलेत. पुष्पानं चहा नेला होता, तो तसाच आहे.

त्या दिवशी तांबडीनं पुढचे पाय टेम्पोच्या फळीला रोवले होते. व्यापाऱ्यानं कान धरले, मी मागचे पाय. ती घराकडे मान वळवून ओरडत होती, बाकीच्या तिला बघून ओरडत होत्या. मी म्हणालो, आटपा, मला दवाखान्यात डबा पोचवायचाय.

तसाच गेलो, हात न धुता. आबांच्या एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं तेव्हा दिसत नव्हतं. मी भाकरीचा घास पुढे केला तर त्यांनी माझा हातच धरला आणि नाकाजवळ नेला. चेहरा एकदम खुलला.

"मेंढरात गेला व्हतास व्हय रं? गुणाचं माझं लेकरू."

मी हो म्हणालो.