पानामागे चालताना

मदैरा, सोमवार

बाबा, आधी आशीर्वाद द्या.

तिथं उपचाराला गेलायत तर दुखरे गुडघे रोज गरम वाळूत पुरता ना?

काल फिरायला आलेल्या पाहुण्यांना तुम्ही इतकी वर्षं राखलेल्या पाटाच्या अरुंद कडेनं धबधब्यावर नेलं. जाताना धुकं होतं. परतताना ते हटलं, पायाखालची खोल दरी दिसली आणि एक जर्मन बाई मटकन खाली बसल्या. "मी इथंच राहते आता. तुम्ही जा."

तिथं कठड्याची तार तुटलीय, आईला सांगू नका.

मी पाटात नेच्याचं पान सोडलं. "बाई, हे कुठवर जातंय तेवढं बघू." पानाकडे बघत त्या गावापर्यंत आल्या.

माझ्या लहानपणी तिथं तुम्हीही पानं सोडायचात. मला वाटायचं, पाण्याची चाल बघताय. काल उमगलं, मी घाबरायचे हे तुम्हाला कळायचं, आणि तुम्ही कधी बोललाच नाहीत.

तुमची ल्युसिंदा