नायकाची बायको

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. अजून तापलेलंच आहे, सांभाळून घे. बाकी तब्येत उत्तम.

इथल्या स्टुडिओत मी जुन्या कथा वाचून ध्वनिमुद्रित करते, हे तुला ठाऊक आहेच. काल एका वीराची कथा होती. बारा वर्षांनी तो लढाईवरून परततो आणि त्याची बायको दारातच त्याला चांगलं फैलावर घेते. आमचे निर्माते म्हणाले, "हे सगळं गाळा. नायकाची बायको अशी बोलत नसते. तिनं वाट बघायची आणि रडायचं."

"मग बारा वर्षं घर कोणी चालवलं?"

"लोक नायकासाठी ऐकतात, बाई!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा शब्दन्‌शब्द मी एका दमात वाचला. त्यांनी मला तिथल्या तिथे घरी पाठवलं. म्हणजे सध्या सुट्टीच समज. दुसरं काम मिळेल, तू काळजी करू नकोस.

दादाचा खोकला थांबला का?

बाबा आठ वर्षांनी परतले तेव्हा तू निमूटपणे पाणी पुढे केलंस, असं सगळे कौतुकानं सांगतात. मला ते कौतुक आता ऐकवत नाही. तुला काय बोलायचं होतं, ते आता तरी लिही. मी मोठ्यानं वाचेन.

तुझीच तोंडाळ,
धाकटी