कोहळ्यावरची फळं

भद्रावती,
८ फेब्रुवारी २००६

चि. धनराज यास,

तुझ्या थोरल्या बहिणीकडून, बाईकडून, बसल्या जागेवरून पाठवता येतील तितके सगळे आशीर्वाद. तू, सौ. रंभा आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालते. आम्ही कसे आहोत, ते या पत्रात सावकाश येईलच. तुझा फोन दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा मी आंघोळीला गेल्याचं तुला सांगण्यात आलं. मी फोनच्या शेजारीच बसले होते. तू फोनवर एकच प्रश्न विचारतोस, ‘किती आली?’, आणि मी मागची हकीकत सांगू लागले की डॉक्टरी आवाजात ‘बाई, आकडा सांग’ म्हणतोस. पत्राला मधे तोडता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. साखर वाढली आहे. पुष्कळ वाढली आहे. पण ती हावरेपणानं वाढलेली नाही, हे तुला शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळणार नाही, आणि तोवर आकडा मी सांगणार नाही.

तुझा भाचा चैतू कामाला होता तो वरोऱ्याचा कारखाना बंद पडला हे तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून त्याचा मित्र त्याला हैदराबादला बोलावतो आहे. तिथं काम आहे, खोलीही आहे. चैतूचं म्हणणं असं, की बायकोचं, रोशनीचं, इथं काही बस्तान बसलं तर राहू, नाही तर उन्हाळ्याच्या आत दोघंही जाऊ. हे तो जेवताना, भाताकडे बघत सांगतो. तुझे भाऊजी ‘बरं’ म्हणतात आणि ताक मागतात. (मी ताक वाढते. मुलांना अडवू नये, असं मी तुलाच नागपूरला धाडताना बाबांना सांगितलं होतं. त्या वेळी ते किती सोपं वाटलं होतं!) तर रोशनीनं पार्ट्यांचं खाणं करून द्यायचं ठरवलं. खाणीच्या कॉलनीत दोन मुलांचे वाढदिवस तिनं छान काढले, आणि मोठ्या साहेबांच्या दिल्लीकडच्या मिसेसनं तिला बोलावून सांगितलं, की रविवारी अकरा वाजता आमच्याकडे ब्रंच आहे, त्यात फळांचं काही तरी नवीन कर. तुझ्या भाऊजींनी विचारलं, ब्रंच म्हणजे काय? मी म्हटलं, न्याहारी आणि जेवणाच्या मधलं खाणं. ते म्हणाले, “मंग आपला बाप तं जनमभर ब्रंचच खात होता. मासे धरून तळ्यावरून यायले त्याले अकराच वाजत.”

आता खरी कबुली अशी, की काड्यांची कल्पना माझी. रोशनीनं विचारलं, “आई, तुमच्या सिस्टर लोकं पाहुण्यायले काय देत होत्या?” आणि मी वाहवत गेले. तुला आठवत नसेल, तू लहान होतास. बाबा दर शुक्रवारी चंद्रपूरला कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात मासळी पोचवायचे, आणि त्या मासळीच्या ओळखीवरच मला बोर्डिंगात घेतलं होतं. मदर सुपीरियरच्या वाढदिवसाला सिस्टर फिलोमिना आम्हा मुलींकडून कोबीचा गड्डा चांदीच्या कागदात गुंडाळून घ्यायच्या. मग चीजचा चौकोन, अननसाचा तुकडा आणि एक चेरी अशा काड्या करून त्या गड्ड्यात खोचायच्या. टेबलावर तो गड्डा साळिंदरासारखा चमकत बसायचा. काडी दोन बोटांत धरायची, करंगळी बाहेर, पाठ ताठ, आणि तोंडात घास असताना एक शब्दसुद्धा बोलायचा नाही. मला मात्र ती काडी पाहिली की बाबांची आठवण यायची. तेही लहान मासे गवताच्या काडीत ओवूनच विकायचे. हे मी एकदा सिस्टरना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. ‘मग तुला ओवणं चांगलं जमेल,’ म्हणाल्या. त्या वाक्यावर मी ते वर्ष काढलं. हे सगळं मी रोशनीला इतक्या मायेनं सांगितलं, की तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, हेच करायचं.

पुढचे तीन दिवस मी काय केलं ते विचारू नकोस, माझी कंबर सांगेल. कोबी तिला साधा वाटला. तिच्या मासिकातल्या चित्रात अर्धं कलिंगड होतं, आणि जानेवारीत इथं कलिंगड कुठून येणार? मग तुझ्या भाऊजींनी बाजारातून कोहळा आणला, चांगला गोल, अंगावर पांढरी भुकटी असलेला. बांबूच्या काड्या आम्ही दोघींनी तासल्या. तासल्या म्हणजे तिनं तासल्या आणि मी बोटांतली कुसळं काढली. संत्री, पपई, चिकू, पेरू, सफरचंद आणि प्रत्येक काडीच्या टोकाला एक काळं द्राक्ष. (चिकू ओवायचं फळ नाही. ते काडीवर चढतं आणि हळूच मान टाकतं.) सफरचंद काळं पडू नये म्हणून त्यावर लिंबू पिळलं. मधे मधे डब्यातल्या चेरी लावल्या. त्या चेरींचा लाल रंग रात्रभर कोहळ्यावरून ओघळत राहिला आणि ते आमच्या लक्षात आलं नाही. सकाळी माश्या नकोत म्हणून रोशनीनं वरून ओलं फडकं टाकलं. घरात धुतलेलं एकच निघालं, लाल माद्राचं, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाचं. कॉलनीची जीप येईल तेव्हा पटकन चढवता यावं म्हणून सगळं फाटकाबाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवलं, आणि पिळलेल्या लिंबांच्या फोडी तिथंच राहून गेल्या. आमचं घर तिवाट्यावर आहे, हे तू जाणतोस. त्या रविवारी अमावस्या होती, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच आठवलं नाही.

मी आत चहा गाळत होते. बाहेर माणसं असावीत असं वाटत होतं, पण आवाज अजिबात नव्हता. बाहेर येऊन बघते तर तिन्ही वाटांवर माणसं थांबलेली. दूधवाला सायकलवरून उतरून उभा. चर्चला निघालेलं एक कुटुंबसुद्धा उभं, आणि त्यांनी तर घाबरायचं कारणच नव्हतं. शेजारची गिरजाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, “अन्नपूर्णाबाई, पाय बाहेर टाकू नोका! तुमच्या दारात कोनं उतारा ठेवला व!” वाऱ्यानं फडकं सरकलं होतं. धनराज, मी कॉन्व्हेंटमध्ये अकरा वर्षं काढलेली बाई आहे, पण तुला खरं सांगते, आम्ही स्वतःच्या हातांनी केलेली ती वस्तू बघून मीही एक पाऊल मागे सरले. पांढरा कोहळा, त्यावर लाल ओघळ, भोवती लिंबं, अंगभर खोचलेल्या काड्या, आणि टोकाटोकाला ती काळी द्राक्षं माझ्याकडेच बघत होती.

तेवढ्यात जीप आली. ड्रायव्हर लहानू खाली उतरला, बघितलं आणि परत चढून बसला.

तुझे भाऊजी ओरडले, “अबे, थे फळं हायेत!”

“फळायले काऊन खिळे ठोकले मंग?”

“खिळे नाई, काड्या हायेत. सायबाच्या घरी खायले चालल्या.”

“सायबाच्या घरी?” लहानूचा चेहराच उतरला. “भाऊ, माई नोकरी घेता का? मले दोन लेकरं हायेत. मी हात लावत नाई.”

रोशनी रडकुंडीला आली. तिनं एक काडी उपसून खाऊन दाखवली, तर गिरजाबाई म्हणाली की तिनं खाऊन काय उपयोग, जिनं केलं तिले बाधतच नाई. चैतू बर्फ आणायला गेला होता. मी तुझ्या भाऊजींकडे बघितलं. त्यांनी आभाळाकडे बघितलं आणि आज आपला उपास असल्याचं जाहीर केलं. (सकाळीच दोन पोळ्या झाल्या होत्या.) रोशनी माझ्याकडे बघत नव्हती. ती कोहळ्याकडेच बघत होती, आणि मला तिच्या चेहऱ्यावर सरळ हैदराबादची गाडी दिसली. मग मी पुढे झाले. पाठ ताठ, करंगळी बाहेर. एक काडी खाल्ली.

ती खाऊन भागलं नाही. गिरजाबाई म्हणाली, “कडेची खाल्ली तुमी. मधातली खाऊन दाखवा.” मधली खाल्ली. दूधवाल्याला मागच्या बाजूचा संशय होता, म्हणून मागची खाल्ली. लहानूनं जीपमधूनच एक काडी बोटानं दाखवली, तिच्यात तीन चिकू होते. गेल्या पाच वर्षांत तू मला चिकूच्या झाडाखालून जाऊ दिलं नाहीस, आणि इथं मी भर चौकात, माणसं मोजत होती त्या चालीनं, पपईमागून चिकू आणि चिकूमागून द्राक्ष गिळत होते. चव? पहिल्या काडीला फार गोड लागलं, डोळ्यांत पाणी आलं. नंतर काही कळलं नाही. शेवटी लहानूनं कोहळा स्वतःच्या हातांनी उचलला नाही तो नाहीच. चैतू आला, त्यानं जीपमध्ये ठेवला, आणि लहानू एका हातानं गाडी चालवत, दुसऱ्या हातानं गळ्यातला ताईत धरून गेला.

ब्रंच कसं झालं म्हणशील, तर अर्धं झालं. बातमी जीपच्या आधी पोचली होती. बाहेरगावच्या बायकांनी आवडीनं खाल्लं. इकडच्या बायकांनी ‘सर्दी आहे’ म्हणून सोडलं. साहेबांच्या मिसेसना काहीच कळलं नाही. फळं छान होती, पण इथल्या बायकांना एवढी सर्दी का होते, असं त्यांनी रोशनीला विचारलं. पुढची ऑर्डर आली नाही. हळदीकुंकवाच्या फराळाचं एक ठरलं होतं, तेही मोडलं.

आणि आता मूळ दुखणं. मंगळवारी वाळत घातलेलं लुगडं काढताना मला भोवळ आली. तुला कारण एका क्षणात कळलं असेल. गिरजाबाईला दुसरंच कारण कळलं. ती भिंतीपलीकडून बघत होती. “लागलं बाईले, लागलं!” एवढंच ती ओरडली आणि तिन्ही वाटांना कळलं. तेव्हापासून ती रोज येते. फार प्रेमानं येते, वाटीत काही ना काही आणते, समोर बसून माझे डोळे निरखते आणि विचारते, “कसं वाटते बाई? खरं सांगा.” मला कसं वाटतं? मला आडवं पडावंसं वाटतं. पाय जड झालेत, घसा कोरडा पडतो, दुपारी डोळे मिटतात. पण मी आडवी पडले तर रोशनीच्या हातची वस्तू बाधते हे सिद्ध झालं, आणि मग तिच्या हातचं या गावात कोण खाणार? म्हणून मी रोज सकाळी केस विंचरून, इस्त्रीचं लुगडं नेसून ओट्यावर ताठ बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला हसते. परवा तर गिरजाबाई जाईपर्यंत एक अभंग म्हटला, आणि मग आत जाऊन पलंगाची दांडी धरून उभी राहिले. सिस्टर फिलोमिनांनी शिकवलेलं ताठ बसणं कशासाठी होतं, ते मला या वयात कळतं आहे. दमले रे मी. इतकी तब्येत चांगली असण्याची मला सवय नाही.

तरी औषध लिहून पाठव. वाढवायची असेल ती गोळी वाढव. रागावायचं असेल तर पत्रानं रागाव. मी सगळं पथ्य पाळते आहे, भातसुद्धा सोडला. (भात सोडलेला गिरजाबाईला कळू नये म्हणून ताट तुझ्या भाऊजींकडे सरकवते. त्यांचं वजन वाढलं आहे.) आणि गाडी काढून इकडे येऊ नकोस. डॉक्टरची गाडी दारात उभी राहिली तर आमचं सगळंच संपलं.

सौ. रंभाला आणि मुलांना माझी आठवण सांग.

तुझी थकलेली पण ओट्यावर हसत बसलेली,
बाई

ता.क. आकडा लिहायचा राहिला, असं तुला वाटत असेल. राहिलेला नाही.

ता.क. २. तुझ्या नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला पाहुण्यांना काय द्यायचं, ते रंभानं अजून ठरवलं नसेल, तर रोशनीला फळांच्या काड्या सांग. साखरेच्या डॉक्टरकडे फळं कशी, असं लोक विचारतील. तू पेरूच्या दे, पपईच्या दे, तुला कळतं. पण सांग. आणि तिला फोन तू स्वतःहून कर, मी सुचवलं असं तिला कळू देऊ नकोस. ती फार मानी आहे. त्या दिवसापासून माझ्या ताटातला भात ती मोजून बघते आहे आणि मी तिला बघू देत नाही. या एवढ्या ओळी लिहायच्या होत्या, म्हणून वरचं सगळं लिहिलं.

ता.क. ३. गिरजाबाईला मी उद्घाटनाला बसनं सोबत आणणार आहे. सगळ्यांसमोर पहिली काडी तिच्या हातात दे. ती खाणार आहे, मी विचारून ठेवलं आहे. तिचं म्हणणं, करणी नदी ओलांडत नाही, त्यामुळे नागपूरला काहीच भीती नाही. एकदा तिनं खाल्लं की इकडे येऊन सांगायचं काम तीच करेल. फक्त एक कर. नदीची ही गोष्ट चैतू-रोशनीसमोर बोलू नकोस. हैदराबादच्या वाटेवर किती नद्या लागतात, ते त्यांच्या अजून ध्यानात आलेलं नाही.