तळ्याकडून घराकडे

३ जानेवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. तळ्यावर तुझा फोन लागत नाही, म्हणून तुमचे नमुने नेणाऱ्या गाडीवाल्याकडे हे पत्र देतोय. एवढी शिकून आमची नणंद रानबदकांची शीट गोळा करते, असं तुझी वहिनी शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगते हो!

काळजीची गोष्ट म्हणजे आपली बदकं माना टाकायला लागलीत. मेलेलं एक बोक्यानं फाडलं, आता तोही धापा टाकतोय. वहिनी त्याला मांडीवरून खाली ठेवत नाही. नाक पुसते, चमच्यानं पाणी पाजते. काही औषध असेल तर कळव.

सगळ्यांची आठवण असू दे.
तुझा, दादा

४ जानेवारी

ति. दादास,

सा. न. वि. वि. औषध नाही. बोक्याला कुणीही हात लावू नका. वहिनीला हे वाचून दाखव, माझी शपथ घाल. तळ्याच्या पाण्यात बर्ड फ्लूचा विषाणू सापडलाय. रानबदकं तो शिटेतून पाण्यात सोडतात, थंडीत तो टिकतो, आणि आपली बदकं तिथंच डुंबतात.

उद्या आमची माणसं येतील. सगळी बदकं मारावी लागतील, दादा. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण त्यांना अडवू नकोस. वहिनीला नुसती कणकण आली तरी दवाखान्यात ने, आणि बदकांचं आधी सांग.

जपा रे दोघं.
धाकटी

१० फेब्रुवारी

ति. दादास,

सा. न. वि. वि. वहिनी गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. तपासण्यांचे निकाल आले. तळं, बदकं, बोका आणि वहिनी, सगळीकडे तोच विषाणू. हा माग आम्ही कितीतरी दिवस शोधत होतो. पण तो लागला तेव्हा कुणी आनंद केला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, ती माझी कोण ते.

हे छापलं तर लोक आजारी मांजरांपासून सावध होतील. तिचं नाव येणार नाही. पण तू नको म्हणालास तर तिच्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.

रागावला असलास तरी माझाच राहा.
धाकटी

१६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. छाप. माझी संमती आहे.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. धाकटी पहिल्यापासूनच भित्री, म्हणून हसली. मी खूप समजावलं, ओरडलोसुद्धा. ती म्हणाली, मरणाऱ्या जिवाला कोपऱ्यात कसं टाकू? बोका तिच्या मांडीवरच गेला.

तुझ्या लेखात बहुधा ‘आजारी मांजराशी संपर्क’ असं येईल. येऊ दे. पण तुला म्हणून सांगतो, तिनं एका मुक्या जनावराला एकटं मरू दिलं नाही. आणि दवाखान्यात तिची वेळ आली तेव्हा तिचा हात धरायला मला कुणी आत सोडलं नाही. काचेबाहेरून मी नुसता बघत राहिलो.

राग नाही गं. तुझा आवाज ऐकला की रडू फुटेल, म्हणून फोन घेत नाही. तू ये. बोलायला काही सुचणार नाही, बसू नुसते.

तुझा, दादा