एक फुस्स, दोन उसासे

३ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच. विमानाचं इंजिन गरम झालं की सुरू होत नाही! सकाळी थंड असताना एका दमात लागलं, वीस मिनिटं हवेत फिरून आलं, बंद केलं. दहा मिनिटांनी स्टार्टर दाबला तर नुसतं कुंथत बसलं. पायलटसाहेब (म्हणजे माझा नवरा, लग्नापासून हेच नाव) खाली उतरून म्हणाले, "नाटकं करतंय." सासऱ्यांनी लांबूनच निदान केलं. "तापलंय ते. तापल्यावर तू तरी कुणाचं ऐकतेस का?"

हे इंजिन बाबांनी (सासऱ्यांना मीही बाबाच म्हणते) डिसेंबरात पूर्ण खोलून पुन्हा जोडलं. एकट्याने. मी तेव्हा महिनाभर माहेरी, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला. त्यामुळे त्याच्याविषयी बोलताना जीभ सांभाळावी लागते, आणि ते मला जमत नाही.

सोळा तारखेपासून बेटाची फेरी. बोट दुरुस्तीला गेलीय, ती येईपर्यंत तिथल्या दवाखान्याची औषधं आमच्या विमानातून जाणार. इंजिन एकच. खाली चाळीस मिनिटं पाणी.

४ मार्च

कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, तपासलं. म्हणजे बाबांनी तपासलं, मी स्टार्टर दाबत बसले. त्यांचा जुना पितळी गेज. पुढचा रोटर पावणेआठ, मागचा साडेसात. सहाच्या वर असलं की बास. "बघ, ठणठणीत आहे. लिही. तुझं अक्षर बरं."

लिहिलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

५ मार्च

गरम असताना परत नाही. प्लग पेट्रोलने ओलेचिंब.

६ मार्च, शुक्रवार

आधी सोपं संपवायचं. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून पूर्ण भरली, कारण स्टार्टर हळू फिरला तर कॉम्प्रेशन उगाच कमी दिसतं. स्टार्टर आता झकास फिरतो. पेट्रोल गळत नाही. इग्निशन ठीक. तरी गरम असताना नाही म्हणजे नाही.

दुपारी हँगर रिकामं होतं. एकेका रोटरचा प्लग काढला आणि प्रोपेलर हाताने हळूहळू फिरवला. पुढच्या रोटरचा आवाज: फुस्स, फुस्स, फुस्स. एकसारखा. मागच्याचा: फुस्स… आणि मग नुसते दोन उसासे. पुन्हा फिरवलं. एक फुस्स, दोन उसासे. पंधरा वेळा फिरवलं असेल. हात भरून आले.

पायलटसाहेबांना ऐकवलं. "मला सगळे सारखेच वाटतात." याला स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्याही मोजता येत नाहीत, त्याला काय विचारायचं! बाबांनी मात्र डोळे मिटून नीट ऐकलं. मग म्हणाले, "तुझे कान तरुण आहेत," आणि निघून गेले. ही स्तुती की टोमणा, अजून ठरत नाहीये.

७ मार्च

डोकं ताळ्यावर आणायला सगळं पहिल्यापासून लिहून काढते.

आमच्या इंजिनात वर-खाली होणारा दट्ट्या नाही. अंडाकृती पोकळीत तीन कोपऱ्यांचा रोटर गरगरतो. असे दोन, पुढचा आणि मागचा. प्रत्येक कोपऱ्यात एक पट्टी, पट्टीखाली कमानीसारखी वाकलेली स्प्रिंग. स्प्रिंग पट्टीला भिंतीशी दाबून धरते, म्हणून हवा निसटत नाही. एका रोटरला तीन बाजू, म्हणजे एका प्लगच्या भोकाशी पाळीपाळीने तीन वेगवेगळे दाब येतात.

आणि बाबांचा गेज साध्या इंजिनाचा! त्याच्यात सुई धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे. तिघांतला सगळ्यात जास्त दाब तो पकडतो आणि तोच दाखवत राहतो. वर्गात पहिल्या आलेल्या पोरीचे मार्क सगळ्या वर्गाला वाटून टाकावेत, तसं. मग नापास कोण ते कळणार कसं?

माझ्या गेजमधला व्हॉल्व्ह काढून टाकला. सुई उडायला लागली. मोबाइलवर हळू गतीने चित्रण करून वाचलं. साडेसात. चार पूर्णांक तीन. चार पूर्णांक एक.

दोन शेजारच्या बाजू कमी. दोन बाजूंमध्ये सामाईक काय असतं? कोपरा. म्हणजे मागच्या रोटरचा एक कोपरा गेलाय. चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. दोन मिनिटं.

बाबांना बोलावलं. गेजपुढे उभे राहिले, सुई थयथय नाचत होती. "नाचणाऱ्या सुईवर कोण विश्वास ठेवतं? सुई कशी, सांगितलेल्या जागी उभी राहिली पाहिजे." मी मोबाइल पुढे केला. "ते सिनेमे मला दाखवू नकोस." मग स्वतःचा गेज लावला, खिडकीशी नेऊन वाचला. साडेसात. झालं. गेली तीस वर्षं साडेसात म्हणजे साडेसात.

मी म्हणाले, "तीस वर्षं साधी इंजिनं होती, बाबा." म्हणायला नको होतं.

९ मार्च, सोमवार

मधला मार्ग. काजळीने पट्टी खाचेत अडकत असेलही. काल प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडून रात्रभर मुरवत ठेवलं, आज इंजिन चालवलं. इतका धूर की शेजारच्या हँगरमधला रंगारी बादली घेऊन धावत आला. पाठोपाठ मोजलं. साडेसात, पाच पूर्णांक सहा, पाच पूर्णांक चार. वाढलं!

पायलटसाहेबांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. बाबा नुसते "हं" म्हणाले, पण घरी जाताना शीळ घालत होते.

मला ठाऊक आहे की तेलानेही तात्पुरता दाब वाढतो. पण आज कुणाचं तोंड पाडायचं जिवावर आलं. माझंसुद्धा.

१० मार्च

चार पूर्णांक दोन. तेल जळलं, थाप संपली.

११ मार्च, बुधवार

सरळ विचारलं. "बाबा, इंजिन उघडू या." ते जेवत होते. घास तसाच हातात. "माझ्या हातचं इंजिन?" "हो." "डिसेंबरात जोडलेलं?" "हो." "उघडायला कारण लागतं." "कारण आहे." "ती नाचरी सुई?" सासूबाईंनी ताटात आणखी भात वाढला, म्हणजे आता दोघांनी गप्प बसायचं.

हँगरमध्ये नवऱ्याला गाठलं. म्हणाला, "तुम्ही दोघं काय ते ठरवा, मी उडवतो." अशी चीड आली! तुम्ही दोघं काय ते ठरवा! भाजी कुठली करायची ते ठरवायचंय का? ती पट्टी तुटली तर मागचा रोटर मेला. एका रोटरवर विमान पाण्याच्या वर किती वेळ हवेत ठेवशील, सांग ना. म्हणाला, "बाबांनी आजवर सही केलेलं एकही इंजिन हवेत बंद पडलेलं नाही." हे खरं आहे. म्हणूनच राग येतो.

बेटावरच्या नर्सबाईंचा फोन. इन्शुलिन संपत आलंय. "सोमवारी नक्की ना?" मी म्हणाले, बघते. "बघते म्हणजे?"

१२ मार्च

झोप नाही, भूक नाही. बसले तर उठावंसं वाटतं, उठले तर हँगरकडे पाय वळतात. दिवसभरात प्रोपेलर सहा वेळा फिरवून आले. एक फुस्स, दोन उसासे.

१३ मार्च, शुक्रवार

विमान उडायला ठीक आहे अशी बाबांनी सही केली. माझ्यासमोर. कागद कुठे आहे विचारलं, मी दाखवला नाही, तर बोटाने चाचपत सहीची रेघ शोधली आणि केली सही. "सोमवारी जाऊ दे त्याला." हट्टी, अहंकारी म्हातारा! लिहिलं एकदाचं. मनात तर आठवडाभर म्हणतेच आहे.

१४ मार्च, शनिवार

उघडलं!

बाबा घरी असताना, न विचारता. सकाळी सातला प्रोपेलर उतरवला. आठला नवरा दारात. मला वाटलं आता भांडण. त्याने बाह्या वर केल्या, दुसरा पाना उचलला आणि म्हणाला, "इकडून धरू?" आठ दिवसांत याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य.

इंजिन खाली घेतलं, लांब बोल्ट एकेक करून सोडवले. चार वाजता मागचा रोटर हातात आला. पहिला कोपरा ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्याची पट्टी उचलली. खालची स्प्रिंग उलटी. कमान वरच्या ऐवजी खाली. पट्टी धड टेकतच नव्हती, खाचेत आपटत होती. एका टोकाला झिजलेली, आणि मधोमध केसाएवढा तडा.

नवऱ्याला भिंगातून दाखवलं. तो टूलबॉक्सवर बसला. "किती दिवस टिकली असती?" मी म्हणाले, "दिवस नाही, तास विचार."

नर्सबाईंना कळवलं, बुधवार. "बुधवारपर्यंत पुरवीन, पण पुढे नाही."

शिकाऊ असताना स्प्रिंग न बघता बसवली म्हणून याच बाबांनी माझ्याकडून सगळं तीनदा उघडून घेतलं होतं. ते अशी चूक करतील? माझं खरं ठरलं, आता मिरवायला हवं. मिरवावंसं वाटत नाही. नुसती भीती वाटते, कशाची तेही कळत नाही.

संध्याकाळी पट्टी आणि स्प्रिंग फडक्यावर ठेवून बाबांपुढे नेली. त्यांनी पट्टी उचलली, नख फिरवलं. तड्यापाशी नख थांबलं. "कुठला कोपरा?" "मागचा. तिसरा." "स्प्रिंग?" "उलटी." पट्टी फडक्यावर ठेवायला गेले ती फडक्याच्या बाहेर पडली. उचलली नाही. आत जाऊन पडले.

१५ मार्च

सहाही पट्ट्या नव्या, स्प्रिंगाही. प्रत्येक स्प्रिंग बसवण्याआधी नवऱ्याला दाखवली. त्याने प्रत्येक वेळी "कमान वर" असं मोठ्याने म्हटलं. बाबा आले नाहीत.

१६ मार्च, सोमवार

जमिनीवर चार तास चालवलं. गरम असतानाच बंद केलं, दहा मिनिटं थांबले, दाबला स्टार्टर. लागलं! पुन्हा बंद, पुन्हा लागलं. उगाचच आणखी तीनदा केलं.

बाबांनी स्वतःची सही खोडायला लावली. "खोड" एवढंच म्हणाले.

१७ मार्च

धावपट्टीच्या वरच घिरट्या, पाच तास. सगळं ठीक. मी मात्र मान वर करून करून आखडले.

१८ मार्च, बुधवार

विमान बेटावर गेलं आणि परत आलं. इन्शुलिन पोचलं. नर्सबाई फोनवर हसल्या.

पण लिहायचंय ते सकाळचं. निघण्याआधी शेवटची तपासणी. चार-पाच दिवसांनी बाबा हँगरमध्ये आलेले. मला वाटलं, त्यांचा मान त्यांना द्यावा. मागच्या रोटरला माझा गेज लावला आणि म्हटलं, "बाबा, या वेळी तुम्ही बघा." ते पुढे झाले, मान जराशी तिरपी करून गेजकडे बघितलं. "छान. तिन्ही सारखे. साडेसात."

मी अजून स्टार्टर दाबलाच नव्हता. सुई शून्यावर होती.

मी म्हणाले, "बाबा, इंजिन फिरत नाहीये." बाहेर नवरा विमानाभोवती फिरत काहीतरी गुणगुणत होता. "किती दिसतं?" "मधलं जातं. कडेकडेचं दिसतं." "कधीपासून?" "दोन वर्षं होतील." त्यांच्या गेजची सुई थांबते. उजेडात नेऊन, मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने वाचता येते. माझी सुई नाचते. ती त्यांना दिसतच नाही.

"स्प्रिंगा हाताने कळतात असं वाटायचं. सहांतल्या पाच बरोबर बसल्या ना?" एखाद्या लहान मुलासारखं विचारलं. मी हो म्हणाले. मला रडू आलं. हट्टी, अहंकारी म्हातारा असं लिहिणारा हात हाच. आणि दोन वर्षं नोंदी माझ्याकडून लिहून घेत होते, तर मी आपली माझ्या अक्षरावर खूश!

स्टार्टर मी दाबला, आकडे मी वाचले, सही मी केली.

१९ मार्च

दोन वर्षांत बाबांनी एकट्याने जोडून सही केलेली इंजिनं, आमचं सोडून: अकरा. यादी त्यांनी पाठ सांगितली, एकही विसरले नाहीत. सकाळपासून मालकांना फोन करतोय. नंबर मी लावते, बोलतात ते. "माझी नजर गेलीय. उडवू नका. आधी उघडा." दर वेळी हीच तीन वाक्यं.

दहा झाले. अकरावा कुणी उचलत नाही. त्यांच्या धावपट्टीवरच्या ऑफिसात विचारलं, तर म्हणाले, ते विमान सकाळीच गेलंय. बाबा फोन कानाला धरून बसलेत, ठेवत नाहीत.